विश्लेषण : नोकरी नसताना पर्यटक व्हिसा मिळतो का? ‘परत येणार’ हे कागदावर सिद्ध कसे करायचे?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. उलवे, पनवेल, खारघरकरांची सहारपर्यंतची रखडपट्टी त्यामुळे हळूहळू टळेल. विमान घराजवळ आले, व्हिसा मात्र आला नाही. अमेरिकेला जायचे तर वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीच्या दारात उभे राहावेच लागते आणि युरोपला जायचे तर बोटांचे ठसे द्यायला मुंबईतील केंद्र गाठावे लागते. तेथे पोहोचण्याआधी भरायच्या अर्जात ‘सध्याचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. ज्यांच्याकडे नोकरी नाही, त्यांचा हात याच रकान्यावर थबकतो. खरे लिहावे तर अर्ज नाकारला जाण्याची धास्ती आणि खोटे लिहावे तर त्याहून मोठी जोखीम. यात काही वाट निघते का?

अर्जात नोकरी विचारतातच कशाला?

नोकरी नसलेल्याने पर्यटनाला येऊ नये, असे युरोप, अमेरिका वा ब्रिटनच्या नियमांत कुठेही लिहिलेले नाही. कायद्याचा प्रश्न वेगळाच आहे : हा माणूस मुदत संपण्याआधी परत जाईल का, आणि तोवर स्वतःचा खर्च भागवेल का? युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेला जोडलेल्या परिशिष्टात, परतण्याचा इरादा कशावरून जोखता येईल, याची यादी आहे. परतीचे आरक्षण, आर्थिक स्थितीचे पुरावे, नोकरीचा पुरावा, स्थावर मालमत्ता आणि राहत्या देशाशी असलेले कौटुंबिक व व्यावसायिक बंध, असे त्यात पाच मुद्दे आहेत. म्हणजे नोकरी ही पाचांतली एक.

प्रत्यक्षात अर्जासोबतच्या कागदपत्रांच्या याद्यांमध्ये कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र, गेल्या काही महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या आणि प्राप्तिकर विवरणपत्रे यांना मानाचे पान मिळते. याचे कारण सरळ आहे. लाखोंनी अर्ज येतात आणि एका अर्जाला मिळणारा वेळ थोडा असतो. कंपनीचे नाव, पगाराचा आकडा, रजेच्या तारखा या गोष्टी क्षणात वाचून होतात. माणसाचे घर, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा आणि त्याला खेचून परत आणणारे बाकीचे धागे वाचायला वेळ लागतो. नोकरीला मिळालेले वजन हे अधिकाऱ्याच्या सोयीतून आलेले आहे. सोय म्हणून स्वीकारलेली खूण पुढे निकष होऊन बसते, तसे येथे झाले आहे.

अमेरिकेचे सूत्र आणखी करडे. तेथील १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४ (ब) नुसार प्रत्येक पर्यटक अर्जदार हा कायमचा राहायलाच निघाला आहे, असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही, हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. गंमत अशी की याच कलमातून एच-१बी आणि एल प्रकारचे व्हिसा वगळलेले आहेत. तिकडे नोकरी करायला निघालेल्या अभियंत्यावर हे गृहीतक लागू नाही, पण नातवाला पाहायला निघालेल्या नेरुळच्या आजीवर आहे.

नवी मुंबईत ‘बेरोजगार’ म्हणजे नेमके कोण?

अर्जातला एकच शब्द येथे किमान चार प्रकारच्या माणसांना लागतो आणि त्या चौघांचे एकमेकांशी काही साम्य नाही.

पहिला प्रकार म्हणजे नोकरकपातीत सापडलेले. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे मोठे जाळे आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये जगभरातील मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा या क्षेत्राला ‘कायम नोकरी’ या शब्दांचा अर्थ नव्याने कळला. अशा माणसाकडे अनेकदा बचत असते, फ्लॅट असतो, दहा-बारा वर्षांची विवरणपत्रे असतात. नसते ते फक्त या महिन्याचे रजापत्र.

दुसऱ्या गृहिणी. वाशीच्या एखाद्या घरात तीस वर्षे स्वयंपाक, मुलांचे शिक्षण, सासू-सासऱ्यांचे आजारपण निभावलेल्या बाईला आपण बेरोजगार आहोत, हे व्हिसाच्या अर्जावरूनच कळते. अमेरिकेच्या ‘डीएस-१६०’ अर्जात ‘होममेकर’ आणि ‘नॉट एम्प्लॉइड’ असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. तरीही घाईत दुसरा पर्याय निवडणारे आहेत. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईचे उत्पन्न शून्य असते. तिच्या परतण्याचे कारण मात्र घरात सोफ्यावर बसलेले असते. तिचा नवरा, क्वचित त्याची मधुमेहाची औषधेही तिच्याच हातून घेणारा.

तिसरे निवृत्त. त्यांचे तुलनेने बरे चालते, कारण निवृत्तिवेतनाचा कागद हा पगाराच्या कागदाचा सख्खा भाऊ.

चौथा प्रकार खास या शहराचा. सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. १९८४ च्या जासई आंदोलनानंतर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. विमानतळासाठी दहा गावे उठली, तेथे साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज आले. शेती आणि मासेमारी गेलेल्या अनेक आगरी-कोळी कुटुंबांनी मिळालेल्या जागेवर किंवा गावठाणालगत खोल्या बांधल्या आणि त्या भाड्याने दिल्या. आज या घरांतील तिशीचा मुलगा रूढ अर्थाने नोकरी करत नाही. घरात दरमहा येणारे भाडे मात्र एखाद्या कारकुनाच्या पगाराहून अधिक असू शकते.

व्हिसा अधिकाऱ्यासमोर मात्र हे सारे अदृश्य असते. भाडे अनेकदा रोखीने येते आणि करार तोंडी असतो. घर ‘गरजेपोटी’ बांधलेले असेल तर जमीन कागदोपत्री सिडकोची आणि सातबारा कधीच गेलेला. ही घरे नियमित करण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघाले, पण मालकीचा स्वच्छ कागद हातात नसलेली कुटुंबे आजही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहिलेल्या, गाव सोडून जाण्याची शक्यता सर्वात कमी असलेल्या माणसाकडेच मुळे सिद्ध करणारा कागद नसावा, हा विरोधाभास मुंबईतल्या कुठल्याही वकिलातीला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मग अधिकाऱ्यांचा संशय निराधार आहे का?

नाही, आणि तसे भासवण्यात अर्थ नाही. पर्यटक म्हणून जायचे आणि काम शोधायचे, हा मार्ग जुना आहे. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सहसा ‘ईसीआर’ची नोंद येते आणि आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना परवानगी लागते. ही अट चुकवण्यासाठी ‘व्हिजिट व्हिसा’वर माणसे पाठवणारे दलाल वर्षानुवर्षे धंदा करत आले आहेत.

अलीकडचे उदाहरण अधिक भयंकर आहे. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी सांगून तरुणांना पर्यटक म्हणून बोलवायचे, तेथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये न्यायचे आणि सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवायचे, असे प्रकार उघडकीस आले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोत येथून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना मायदेशी आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले. यातल्या अनेकांना परदेशी नेणारी गोष्ट होती बेकारी, आणि कागद होता पर्यटकाचा. त्यामुळे नोकरी नसलेल्या तरुणाला विमानतळावर परदेशी अधिकारीच काय, भारतीय इमिग्रेशन अधिकारीही चार प्रश्न जास्त विचारतात. ते प्रश्न दरवेळी अपमान करण्यासाठी नसतात.

फरक करायचा तो येथेच. मुंबईतून दहा दिवसांसाठी पॅरिस पाहायला निघालेला, बचत असलेला माणूस आणि दलालाने तिकीट काढून दिलेला तरुण हे दोघे एकाच रकान्यात बसत असले तरी त्यांची कागदपत्रे पूर्ण वेगळी गोष्ट सांगतात. ती वाचली जावी, अशी मांडणे एवढे अर्जदाराच्या हाती असते.

नोकरीचा कागद नसेल तर त्याजागी काय?

रकान्यात खरे लिहायचे, हा भाग वाटाघाटीचा नाही. त्यानंतर एक पानाचे साधे निवेदन जोडावे. शेवटची नोकरी कधीपासून कधीपर्यंत होती, ती का संपली, सहलीचा खर्च कशातून होणार आणि परतल्यावर काय करणार, एवढे त्यात पुरे. ‘मला युरोपच्या संस्कृतीविषयी लहानपणापासून ओढ आहे’ छापाची वाक्ये घालण्याची गरज नाही. ती प्रत्येक दलालाच्या नमुन्यात असतात.

नोकरी गेलेल्याने कार्यमुक्तीचे पत्र, फॉर्म १६, अंतिम हिशेबाची रक्कम खात्यात आल्याची नोंद आणि मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे द्यावीत. ही कागदपत्रे ‘हा माणूस सध्या बेकार आहे’ याऐवजी ‘हा माणूस बारा वर्षे कमावत होता’ असे सांगतात. घर असेल तर ‘इंडेक्स टू’ची प्रत. नवी मुंबईतील बहुतेक मालमत्ता सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असल्याने जमिनीचा सातबारा दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. नोंदणीकृत खरेदी करार आणि सोसायटीचे भागपत्र हेच येथले मालकीचे पुरावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, हे अनेकांना केंद्राच्या खिडकीवर पोहोचल्यावर कळते.

भाड्यावर चालणाऱ्या घरांसाठी उपाय थोडा लांबचा आहे, पण तो व्हिसापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे बंधनकारकच आहे आणि ती नोंदणी ऑनलाइन होते. भाडे बँकेत घ्यावे, विवरणपत्रात घरभाड्याचे उत्पन्न दाखवावे. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे कर अनेकांना लागतही नाही. कर शून्य असला तरी विवरणपत्र भरता येते. वर्षभर हे केले की ‘बेरोजगार’ तरुण कागदावर ‘मालमत्तेपासून उत्पन्न असलेला’ होतो. गरजेपोटीच्या घरांसाठी महापालिकेचे मालमत्ता कराचे देयक आणि वीजबिल हे मालकीचे नसले तरी वास्तव्याचे पुरावे आहेत. काहीच नसण्यापेक्षा ते निश्चित बरे.

पैशांबाबत गैरसमज मोठा आहे. खात्यात किती रक्कम आहे यापेक्षा ती तेथे कशी आली, हे पाहिले जाते. अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून आलेले पाच लाख रुपये विवरणात ठळक दिसतात आणि मदतीपेक्षा अपायच करतात. मुदत ठेव जुनी असेल तर तिला अधिक वजन. फ्रान्सचे उदाहरण घेतले, तर हॉटेलचे आरक्षण असलेल्या पर्यटकाकडे दिवसाला ६५ युरो आणि आरक्षण नसल्यास १२० युरो असणे अपेक्षित धरले जाते. ही किमान रेषा झाली. शेंगेनसाठी ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षणही बंधनकारक आहे. नोकरी नसलेल्या माणसाने दहा-बारा दिवसांची सहल आखली तर ती पटते. नव्वद दिवसांची आखली तर तिकडे एवढे दिवस काय करणार, हा प्रश्न कोणीही विचारील.

मुलाने किंवा नवऱ्याने खर्च उचलला तर चालते का?

युरोपसाठी चालते. अर्जातच खर्च प्रायोजक करणार, असा पर्याय आहे. त्याचे नाते, उत्पन्न आणि बँक विवरण जोडायचे. जर्मनीत राहणारा मुलगा तेथील स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन आईवडिलांच्या खर्चाची औपचारिक हमी देऊ शकतो. अमेरिकेत मात्र मुलाच्या हमीपत्राला फारसा अर्थ नाही. अर्जदाराने तेथील नातलगांच्या आश्वासनावर विसंबून न राहता स्वतःच्या देशातील वास्तव्य आणि बंधांच्या आधारावर पात्र ठरावे, असे अमेरिकी परराष्ट्र खाते उघडच सांगते. मुलाच्या सिलिकॉन व्हॅलीतील पगारपत्रकांची जाड फाइल घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्या आईवडिलांची फाइल बहुधा उघडलीही जात नाही. मुलाखत दोन-चार मिनिटांची असते. इकडे कोण आहे, काय आहे, किती दिवसांत परत येणार, याची स्वतःच्या शब्दांत दिलेली उत्तरे तेथे चालतात. मराठीत बोलणे सोपे जात असेल तर तसे आधी सांगावे. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा ते केव्हाही बरे.

ओळखीच्या कंपनीतून पत्र आणले तर?

नवी मुंबईतच नव्हे, सर्वत्र मिळणारी ही सेवा आहे : कुणाच्या तरी फर्मचे ओळखपत्र, तीन वेतनचिठ्ठ्या, एक रजापत्र. ते घेणाऱ्याने हिशेब मांडून पाहावा. नोकरी नाही म्हणून अर्ज नाकारला गेला, तर पुन्हा अर्ज करता येतो. खोट्या कागदामुळे नाकारला गेला, तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते आणि अमेरिकेत जाणीवपूर्वक केलेल्या चुकीच्या निवेदनाबद्दल कायमची अपात्रता येते. पडताळणीला एक दूरध्वनी पुरतो. शिवाय पगार खात्यात जमा झालेला दिसत नाही, तो कुठे गेला, या प्रश्नाला दलालाकडे उत्तर नसते. दलाल तर मुलाखतीच्या तारखाही अडवून विकतात. अमेरिकी दूतावासाने मार्च २०२५ मध्ये ‘बॉट’द्वारे घेतलेल्या सुमारे दोन हजार तारखा रद्द केल्या होत्या.

अर्ज नाकारला तर पैसे परत मिळतात का?

नाही, आणि या व्यवस्थेतील सर्वात आक्षेपार्ह भाग हाच. अमेरिकेचे शुल्क १८५ डॉलर, म्हणजे सुमारे १६ हजार रुपये. शेंगेनचे जून २०२४ पासून ९० युरो, म्हणजे नऊ हजारांहून अधिक, शिवाय केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले. त्यातील सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले, म्हणजे साधारण सातात एक. प्रौढांच्या दराने गुणले तर केवळ नकारापोटी भारतीयांनी मोजलेली रक्कम सव्वाशे कोटी रुपयांच्या आसपास जाते. अर्ज तपासायला खर्च येतो, हे खरे. पण नकाराचेही पूर्ण पैसे घेणाऱ्याने निदान नकाराचे कारण माणसाला समजेल असे द्यावे.

शेंगेन देश ठरावीक नमुन्यात कारणांपुढे खूण करून देतात. ‘मुदतीपूर्वी परतण्याच्या इराद्याविषयी वाजवी शंका’ ही त्यातली नेहमीची खूण. शंका कशामुळे आली, हे त्यातून कळत नाही. त्याविरुद्ध अपील करता येते, पण त्याची मुदत, भाषा आणि शुल्क देशागणिक वेगळे. अमेरिकेच्या २१४ (ब) नकाराला अपील नाही. शुल्क भरून नवा अर्ज करायचा, एवढेच. परिस्थितीत काही बदल झालेला नसताना महिन्याभरात पुन्हा अर्ज करणे म्हणजे तेच उत्तर पुन्हा विकत घेणे.

भारताने या प्रश्नाची काही गाठ सोडवली आहे का? थोडीशी. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नवी श्रेणीपद्धत आणली. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नीट वापरणाऱ्याला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. यात प्रवासाच्या इतिहासाला किंमत मिळते. त्याचा फायदा नोकरी असताना एकदा जाऊन आलेल्यांना होतो. पहिल्यांदा जाणाऱ्या बेरोजगाराला नाही.

आता अर्ज करावा की नोकरी लागेपर्यंत थांबावे?

निमित्तावर अवलंबून आहे. मुलीच्या बाळंतपणाची तारीख पुढे ढकलता येत नाही, तेथे आहे त्या कागदांवर अर्ज करावा. निव्वळ सहल असेल आणि घरात बचतीखेरीज काही दाखवण्यासारखे नसेल, तर मलेशिया, श्रीलंका यांसारख्या भारतीयांना तुलनेने सोपा प्रवेश देणाऱ्या देशांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. पारपत्रावर गेल्याचे आणि वेळेत परतल्याचे शिक्के दिसू लागले की पुढच्या अर्जाला आधार मिळतो.

या सगळ्यात एक उलटी बाजू अमेरिकेतील मराठी कुटुंबे रोज पाहत आहेत. एच-१बीवर असताना नोकरी गेली की त्यांना साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर अनेक जण पर्यटक दर्जासाठी अर्ज करतात. म्हणजे न्यू जर्सीत बेकारी माणसाला पर्यटक करते आणि नवी मुंबईत तीच पर्यटक होऊ देत नाही.

नोकरी बदलणाऱ्यांसाठी मात्र एक मधला काळ असतो. जुनी कंपनी सुटलेली, नवीत रुजू व्हायला महिना-दीड महिना. नव्या ठिकाणी लागल्या लागल्या पंधरा दिवसांची रजा कोणी देत नाही, त्यामुळे फिरायचे तर हेच दिवस. अशा वेळी रकान्यात ‘सध्या नोकरी नाही’ असेच लिहावे आणि सोबत दोन कागद ठेवावेत : जुन्या कंपनीचे कार्यमुक्तीचे पत्र आणि नव्या कंपनीचे नियुक्तिपत्र. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ दिवस लागतात. त्यामुळे नियुक्तिपत्र हाती येताच तारीख घ्यायला हवी. त्या पत्रावर रुजू होण्याचा जो दिवस छापलेला असतो, त्याच्या आदल्या आठवड्यातले परतीचे आरक्षण जोडले, की अधिकाऱ्याला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह समोर येते.